हत्यारांच्या पिशवीपासून बिडाच्या रंध्यापर्यंत : कतारगाममधली जड यंत्रं हलवण्याची विद्या

कतारगाम म्हटलं की हिऱ्यांच्या घंट्या आणि एम्ब्रॉयडरीची यंत्रं आठवतात. सुरतेच्या उत्तरेकडच्या या तापीकाठच्या भागात लाकूडकामाची वर्कशॉपही आहेत, पण त्यांच्याकडे लक्ष कमी जातं. त्यातही यंत्र बसवणाऱ्याचं नाव राहतं, ते जागेवर आणणाऱ्याचं नाही. हे टिपण त्या आणणाऱ्यांच्या विद्येविषयी आहे.

सुतारकाम हा सुरतेचा जुना धंदा. इथे सागवानी जहाजं बांधली जात. लवजी नसरवानजी वाडिया हे इथलेच. १७३६ साली कंपनीच्या जहाजबांधणीसाठी ते काही सुतार बरोबर घेऊन मुंबईला गेले. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट, रंधा एवढं पिशवीत टाकलं की त्या काळच्या सुताराचं वर्कशॉप निघालं! जड असे ते लाकूड, हत्यार नव्हे.

यंत्रं आली आणि हे उलटं झालं. पट्टा-करवतीचं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ साली घेतलं. सुरतेकडे अशा करवतीच्या गिरणीला आज ‘बेन्सो’ म्हणतात. बिडाचा रंधा किंवा मोठी पट्टा-करवत सहज टनाच्या घरात जाते. शेड भाड्याची असली तर जागा बदलणं आलंच, आणि अरुंद गल्लीत क्रेन शिरत नाही. मग उरतात पहार, पाइप, दोर आणि चार माणसं.

पद्धत अशी. आधी मोटर, टेबल, जे सुटेल ते सोडायचं. मग पहार. पाच फुटी पहारीखाली टोकापासून तीन इंचांवर टेकू दिला तर जोर एकोणीस पट होतो. चाळीस किलोचा दाब दिला की हिशेबाने साडेसातशे किलो उचलले जातात. टनाच्या यंत्राची एक बाजू उचलायला तेवढं पुरतं. उचललं की लगेच लाकडी गुटका सरकवायचा. गुटक्याशिवाय खाली हात घालायचा नाही.

यंत्राच्या बुडाला दोन मजबूत वासे बोल्टने आवळतात. पट्टा-करवतीचं वजन वरच्या चाकामुळे उंचावर असतं, ती पटकन कलते; वाशांमुळे तिची बैठक रुंद होते. वाशांखाली दोन इंची लोखंडी पाइप. तीन पाइप कायम भाराखाली, चौथा पुढे मांडायचा, मागून सुटलेला पुन्हा पुढे आणायचा. वळायचं असेल तर हातोड्याने पाइप तिरका करायचा. टनाचं यंत्र काँक्रीटवर नुसतं ओढायला साधारण चारशे किलोचा जोर लागतो. साफ फरशीवर पाइपांवरून पन्नासच्या आत काम होतं. एक खडा मधे आला तरी सगळं अडतं, म्हणून हातात झाडू असलेला माणूसही टोळीतला महत्त्वाचा गडी.

उतारावर खरी परीक्षा. दहाला एक उतार असला तर टनामागे शंभर किलोची ओढ खाली लागते. तिथे दोराचे दोन वेढे भक्कम खांबाला घेतात. घर्षणामुळे धरणाऱ्याच्या हातात तीन-चार किलोच उरतात. हे गणित माहीत नसलेला मुकादमही वेढे मात्र बरोबर दोनच सांगतो.

ही विद्या काही सुरतेपुरती नाही. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेपच्या थडग्यातल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या चित्रात घसरगाडीवरचा प्रचंड पुतळा माणसं ओढताहेत आणि एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. ओलाव्याने ओढ बरीच कमी होते हे २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं. आपल्याकडे १७३९ च्या वसई विजयानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. भीमाशंकरची घंटा आजही पाहता येते. विजयाची नोंद आपण ठेवली, पण एवढी जड घंटा घाटातून नेणारे हात कुठल्या बखरीत शोधायचे?

महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने निदान ओझं वाहणाऱ्याला कायद्यात नाव मिळालं. यंत्र हलवणाऱ्या टोळ्यांचं ज्ञान मात्र अजून तोंडीच आहे आणि त्यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी चेंगरलेल्या बोटाने शिकवलेला आहे. ‘उताराच्या खाली कुणी उभं राहायचं नाही’ हे वाक्यही तसंच आलं असणार.

आता लहान हायड्रॉलिक ट्रॉल्या आल्या आहेत. ते चांगलंच झालं, माणसाची पाठ वाचते. पण पाइपवाले मुकादम काम सोडताहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्यायला हवं. वाचकांपैकी कुणाच्या घरी जुन्या वर्कशॉपच्या स्थलांतराचे फोटो असतील तर त्यात यंत्राशेजारी उभ्या माणसांची नावं मागे लिहून ठेवा. यंत्राचं नाव त्याच्या बिडावर ओतलेलं असतंच.