गांवाची आठवण

इतिहास म्हटला कीं डोळ्यांपुढें लढाया, तह आणि वंशावळी उभ्या राहतात. परंतु ज्या आळींत आपण जन्मलों तेथें शंभर वर्षांपूर्वीं कोण राहत होतें, पाणी कोठून भरीत, हें कोणीं विचारलें तर भले सुशिक्षित गृहस्थहि निरुत्तर होतात. ठाण्याच्या नौपाड्यांत हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. जुनीं घरें व चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत. भाडेकरू पांगतात, माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते, आणि तिच्याबरोबर एका कुटुंबाचें दप्तरहि जातें.

ठाण्याचा मोठा इतिहास कांहीं उपेक्षित नाहीं. १७८७ त किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट सांपडला, व त्याचें भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडांत प्रसिद्ध झालें. तो किल्ला, तेथील कैदेंतून १८१६ त निसटलेले त्रिंबकजी डेंगळे, १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून आलेली पहिली आगगाडी, हें सर्व ग्रंथांत नमूद आहे. १८८२ च्या गॅझेटियरांत जिल्ह्याचा सारा, पिकें, बंदरें, देवळें तपशिलानें दिलेलीं आहेत. मात्र सरकारी ग्रंथ सरकारास जें हवें तेंच टिपतो. ओटीवरचें बोलणें त्यांत उतरत नाहीं.

तें लोकांनींच उतरवून घेतलें पाहिजे, आणि ठाण्यास असें काम नवें नाहीं. १८९३ त येथें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, तें राजाश्रयानें नव्हे. विनायक लक्ष्मण भावे तेव्हां अवघ्या विशी-बाविशींतले होते. पुढें राजवाड्यांनीं कागदांसाठीं गांवोगांव पायपीट केली, आणि १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें. आयर्लंडांत तर १९३७ पासून सुमारें ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनीं घरच्या व शेजारच्या वृद्धांकडून कथा, चालीरीति व स्थळांचीं नांवें वहींत उतरून घेतलीं. शाळकरी मुलास जें साधलें, तें आपल्या पदवीधरांस कां साधूं नये?

मात्र उत्साहास शिस्तीची जोड हवी. ‘नौपाडा म्हणजे नऊ पाडे’ ही व्युत्पत्ति सहज सुचते. सहज सुचते म्हणूनच ती तपासली पाहिजे. ते नऊ पाडे कोणते, त्यांचीं नांवें जुन्या नकाशांत वा खरेदीखतांत आढळतात काय, हें पाहिल्यावांचून ती छापणें म्हणजे दंतकथेस इतिहासाचा शिक्का देणें होय. वृद्धांची स्मृति सनांच्या बाबतींत चुकते. पण विहिरीचा काठ, भाड्याची रक्कम, सणाचा बेत ती बहुधा पक्का धरून ठेवते. म्हणून सन न विचारतां, ‘तेव्हां आपलें लग्न झालें होतें काय?’ असें विचारावें. सांगणाऱ्यानें स्वतः पाहिलें कीं आजीकडून ऐकलें, हें वेगळें लिहावें, आणि त्याची भाषा शुद्ध करूं नये.

दुसरें असें कीं, आठवणी केवळ घरमालकांच्या व वकील-डॉक्टरांच्या घेऊन भागणार नाहीं. घरोघर धुणींभांडीं करणारी बाई, दूध घालणारा भय्या, गोखले रस्त्यावरचा जुना दुकानदार यांनीं पाहिलेला नौपाडा निराळा आहे. दोन्ही एकत्र आल्याखेरीज चित्र पुरें होत नाहीं. ज्या गोष्टीनें हयात माणसास कमीपणा येईल ती त्याच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नये, एवढें पथ्यहि पाळावें.

खर्च म्हणाल तर फारसा नाहीं. भाडेपावत्या, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका, छायाचित्रें यांची नक्कल घेऊन मूळ कागद ज्याचा त्यास परत करावा, आणि नकला ग्रंथालयांत ठेवाव्या. ताम्रपट सातशें सत्तर वर्षांनींहि वाचतां आला, कारण तो तांब्याचा होता. माणसाच्या आठवणीस तेवढी सवड नसते. घरांत ऐंशी वर्षांचें माणूस असेल, तर वही आजच उघडावी.