नियंत्रकापुढील आरसा

नागपुराहून अमरावतीच्या वाटेनें वाडीकडे निघालें म्हणजे अंबाझरीचा परिसर लागतो. तेथील तलाव १८७० सालचा; त्यांत पाणी किती आहे हें काठावर उभ्या राहणाऱ्यास सहज दिसावें. त्याच अंबाझरींत राज्याच्या वीजजाळ्याचें विभागीय भारनियंत्रण केंद्र आहे, आणि तेथील नियंत्रकास मात्र आपला कारभार डोळ्यांनीं कधींच दिसत नाहीं. कोराडीचें जनित्र किंवा दूरची एखादी वाहिनी त्याला भेटते ती संगणकाच्या पडद्यावर, आंकडे व रंग ह्यांच्या रूपानें. ह्या आज्ञावलीस ‘स्काडा’ म्हणतात.

कोराडीचा पहिला संच १९७४ सालीं सुरू झाला. त्या काळचा नियंत्रणकक्ष म्हणजे भिंतभर तबकड्या, कांटे आणि दिवे. प्रत्येकाची जागा ठरलेली. मुरलेल्या माणसास कोणता कांटा कलला तें नुसत्या नजरेनें कळे. संगणकानें ती भिंत घडी घालून हातभर चौकटींत बसविली. सोय मोठी झाली. पण जें पान उघडलें नाहीं त्यावरचें कांहीं दिसेना.

अर्थात् जुनी भिंतहि फसवीत असे. २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत एक झडप उघडीच अडकून राहिली. फलकावरील दिवा मात्र विझला. झडप मिटल्याची ती खूण नव्हती. ‘मीट’ अशी आज्ञा गेली, एवढेंच तो दिवा सांगत होता! पहिल्या कांहीं मिनिटांतच शंभरावर इशारे एकदम उठले, आणि त्या गोंगाटांत खरी गोष्ट उमगावयास दोन तासांहून अधिक वेळ लागला. तोंवर अणुभट्टीचा गाभा वितळूं लागला होता.

पुढील अनर्थ गोंगाटाचा नव्हे, शांततेचा. १४ ऑगस्ट २००३ रोजीं दुपारीं ओहायो राज्यांतील एका वीजकंपनीच्या आज्ञावलींतील इशारे देणारा भाग दोषामुळें मुकाट्यानें बंद पडला. पडदे उजळलेलेच होते. वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक तुटल्या, तरी नियंत्रकांच्या पुढें सारें आलबेल! दूरध्वनीवरून बाहेरचे लोक सांगत होते तें त्यांना खरें वाटेना. सुमारें पांच कोटि लोक अंधारांत गेले.

आपल्याकडे ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तरेचें जाळें लागोपाठ कोसळलें. दुसऱ्या दिवशीं पूर्व व ईशान्य विभागहि त्याच्याबरोबर गेले. पश्चिम विभाग, आणि त्यासह विदर्भ, वांचला. आरंभ मात्र पश्चिम व उत्तर ह्यांना जोडणाऱ्या बीना-ग्वाल्हेर वाहिनीपासूनच झाला होता.

आज्ञावली निवडतांना ग्राहक बहुधा चित्रांच्या चकचकाटावर भाळतो. विचारावयाचें तें वेगळेंच असतें. पडद्यावरचा आंकडा मोजलेला कीं मानलेला? तो केव्हांचा? जोडणी तुटली तर जुनाच आंकडा ताजा म्हणून उभा राहील काय? शंभर इशाऱ्यांतून पहिला कोणता, हें कळेल काय? जाणते लोक आतां पडद्याची पार्श्वभूमि फिकट करडी ठेवतात आणि लाल रंग केवळ बिघाडासाठीं राखतात. विक्रेत्यास तें नीरस वाटतें. रात्रपाळीच्या माणसास वाटत नाहीं. आणि पडदे कितीहि वाढले तरी त्यांच्या शेजारचा दूरध्वनि नियंत्रणकक्षांतून कोणी हलविलेला नाहीं.