बुळकांडी: लांबची प्रयोगशाळा, जवळचा गोठा

लाल कंधारी नांदेडची, देवणी लातूरची. माळेगावच्या यात्रेत अशी जनावरं शेजारी-शेजारी उभी राहतात. सौदा तिथं ठरतो आणि रोगालाही तिथूनच वाट मिळू शकते.

आता बुळकांडी बघा. १८८९ साली पुण्यात सुरू झालेली सरकारी प्रयोगशाळा १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलली. का? तर रोगाचे जंतू वस्तीपासून लांब राहावेत म्हणून. तिथं एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात विषाणू शेळ्यांमधून पुन्हापुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यातून लस झाली. १९५४ला देशव्यापी मोहीम निघाली, पण देश रोगमुक्त ठरायला २००६ उजाडलं. कारण शेवटचा टप्पा उलटा होता: लस थांबवायची आणि गावोगाव पाळत ठेवायची. रक्तातली प्रतिपिंडं लसीची की रोगाची, हे एरवी कळणार कसं?

२०२२ला लम्पीची साथ पसरली. जनावरांचे बाजार बंद झाले, आणि लस वापरली ती शेळ्यांच्या देवीची. म्हणजे शेळी पुन्हा कामाला आली! पण लस पोचण्याआधी पहिली गाठ कुणाला तरी दिसावी लागते. म्हणून उदगीर-परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचं मोल मोठं आहे. जंतू लांब ठेवा, पण जाणकार डोळे मात्र गोठ्याजवळच हवेत.