हे १८० आले कुठून?

रहाटणीतल्या दुकानांची सरकती लोखंडी जाळी बघा. ती ओढली की तिच्यातला प्रत्येक चौकोन आकार बदलतो, पण त्याच्या लगतच्या दोन कोनांची बेरीज १८०° च राहते. म्हणून समांतरभुज चौकोनाचा एक कोन कळला की चारही कळतात. समजा, लगतच्या कोनांपैकी एक दुसऱ्यापेक्षा ४०° ने मोठा आहे. क्ष + क्ष + ४० = १८०, म्हणजे क्ष = ७०. संमुख कोन समान, म्हणून ७०, ११०, ७०, ११०.

शाळेत मी हे पाठ केलं. हे १८० येतात कुठून, हे शोधताना मी इतिहासात शिरलो. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडनं समांतर रेषांबद्दलचं एक विधान सिद्ध न करता गृहीत धरलं. आपले १८० त्यावरच उभे आहेत. तेराव्या शतकात नसिरुद्दीन तुसीनं ते सिद्ध करायचा प्रयत्न केला. त्याच्याच अरबी आवृत्तीवरून अठराव्या शतकात, सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी संस्कृतात ‘रेखागणित’ रचलं. पुढे १९०१-०२ मध्ये ते मुंबईत छापलं गेलं.

तुसीला यश आलं नाही, आणि येणारही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी ते गृहीतक बाजूला ठेवून वेगळी भूमिती उभी केली. तिच्यात चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६०° पेक्षा कमी भरते.

वहीत ‘लगतचे कोन पूरक’ असं कारण लिहिताना आपण युक्लिडचं ते विधान मान्य करत असतो. हे वर्गात एकदा तरी सांगायला हवं, असं मला वाटतं.