उन्हाळा नव्हे, 'बायस' तपासा!

नागपूर : धरमपेठेतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून व्हॉल्व्हचा गिटार अॅम्प्लिफायर खाली उतरतो, सुरू होतो आणि दहा मिनिटांत पॉवर व्हॉल्व्ह लालबुंद दिसू लागतो. पारा ४५ अंशांवर असला की दोष उन्हाळ्याला दिला जातो व पंखा लावला जातो. मात्र धातूची प्लेट लाल होण्यास कित्येक शे अंश उष्णता लागते. खोलीतील उकाड्याचा तिथे फारसा संबंध नसतो.

व्हॉल्व्हच्या मध्यभागी दिसणारा नारिंगी प्रकाश हीटरचा असतो; तो स्वाभाविक होय. बाहेरील करडी प्लेट लाल झाल्यास अॅम्प्लिफायर तत्काळ बंद करावा. विलंब झाल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि जुन्या यंत्रासाठी तसाच ट्रान्सफॉर्मर मिळवणे महाकठीण!

व्हॉल्व्हमधील विद्युतप्रवाहाला लगाम घालतो तो ग्रिडवरील ऋण दाब, म्हणजेच 'बायस'. तो नाहीसा झाला की प्रवाह बेसुमार वाढतो. बायस पुरवठ्यातील वाळलेला कपॅसिटर किंवा आधीच्या टप्प्यातून धन दाब झिरपू देणारा कपलिंग कपॅसिटर, हे नेहमीचे गुन्हेगार. (असे वाळणे मात्र उष्णतेने लवकर होते; तेवढ्यापुरता नागपूरचा उन्हाळा दोषी.) दोन व्हॉल्व्हच्या जागा बदलून पाहाव्यात. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह सदोष. त्याच सॉकेटवर राहिली तर बिघाड सर्किटमध्ये आहे. ही चाचणी काही सेकंदांतच आटोपावी. तिच्याआधीच नवी जोडी विकत घेणाऱ्यांची तीही जोडी अनेकदा जळते.

व्हॉल्व्ह बदलल्यावर बायस नव्याने जुळवावा लागतो. ईएल ३४ या व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा २५ वॅटची. त्याच्या ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट हे प्रचलित प्रमाण. प्लेटवर ४५० व्होल्ट असल्यास प्रत्येक व्हॉल्व्हमागे सुमारे ३९ मिलिअँपिअर प्रवाह येतो. अमेरिकी बनावटीचे अनेक जुने अॅम्प्लिफायर ११७ व्होल्टचे असतात. ते आपल्याकडील २३० व्होल्टला थेट जोडू नयेत. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेहून अधिक व्होल्टचा प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे मागील झाकण उघडून मोजमाप करण्याचे काम व्हॉल्व्हच्या जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे. स्पीकर न जोडता अॅम्प्लिफायर चालवून पाहण्याचा मोहही टाळावा.