अंदाज आणि शब्द : ॲजाईलच्या इतिहासातला एक न मिटलेला तंटा

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन-तीन फोन आले. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचा सॉफ्टवेअरशी काय संबंध, असा एकूण सूर होता. प्रश्न रास्त आहे. उत्तर एका विद्यार्थ्यापासून सुरू होतं.

बी.ए.ला तो आमच्याकडे होता, पुढे संगणकाकडे वळला. आता हिंजवडीत एका कंपनीत टीम सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आला तेव्हा चेहरा ओढलेला. झालं होतं असं. हे काम साधारण किती दिवसांचं, असं टीमला विचारलं गेलं. टीमने विचार करून एक आकडा सांगितला. तो आकडा वरच्या साहेबांकडे गेला, तिथून परदेशातल्या क्लायंटकडे गेला, आणि परत आला तेव्हा त्याची तारीख झालेली होती. मग त्या तारखेपायी सलग चार शनिवार-रविवार सगळे ऑफिसात. तारीख हुकायची ती हुकलीच. वर्षअखेरीला प्रत्येकाच्या नावापुढे शब्द पाळला नाही अशा अर्थाचा शेरा पडला. तो म्हणाला, "सर, आम्ही शब्द दिला कधी? आम्ही तर अंदाज सांगितला होता."

हे ऐकलं आणि आम्ही सरसावून बसलो. कारण हा भेद आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने 1955 मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1962 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की बोलणं म्हणजे दर वेळी वर्णन करणं नव्हे. ‘उद्या पाऊस पडेल’ हे विधान आहे, ते खरं ठरेल नाहीतर खोटं. ‘उद्या मी येईन, शब्द देतो’ ही मात्र कृती आहे. ती खरी-खोटी नसते, ती पाळली जाते किंवा मोडली जाते. पहिल्यात चूक होते, दुसऱ्यात अपराध होतो. आता गंमत अशी, की ‘दहा दिवस लागतील’ या वाक्याकडे नुसतं पाहून ते यातलं कुठलं हे सांगता येत नाही. बोलणारा एक समजून बोलतो, ऐकणारा दुसरं ऐकतो. आणि ऐकणारा पगार देणारा असेल, तर कुणाचा अर्थ चालणार हे सांगायला तत्त्वज्ञ नको.

ॲजाईल नावाच्या पद्धतीचा सगळा इतिहास आम्हाला या एका वाक्याभोवतीचा तंटा वाटतो. तसाच तो सांगतो.

सुरुवात 1970 पासून करू. विन्स्टन रॉइस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने मोठ्या सॉफ्टवेअर प्रणाली कशा उभाराव्यात यावर एक निबंध वाचला. त्यात एक आकृती होती. आधी गरजा लिहा, मग आराखडा, मग प्रोग्राम, मग चाचणी. पायरीपायरीने खाली उतरणारी. या आकृतीला पुढे ‘वॉटरफॉल’ हे नाव पडलं. रॉइसने स्वतः तो शब्द वापरलेला नाही. उलट त्याने त्याच निबंधात बजावलं होतं, की हे असं सरळ उतरणं धोक्याचं आहे, चाचणीत दोष सापडले की पुन्हा वर चढावं लागतं. पण लोकांनी आकृती घेतली आणि मजकूर सोडला. (आमच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांमध्येही हेच व्हायचं.) 1985 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जो प्रमाण-नियम काढला, त्याचा साचाही बराचसा त्याच वळणाचा होता.

या रीतीत निर्णय कधी होतो? सगळ्यात आधी. म्हणजे कामाबद्दल सगळ्यात कमी ठाऊक असतं तेव्हा. आणि करतो कोण? ज्याला ते काम हाताने करायचं नाही तो.

दुसरा धागा जपानचा. 1986 मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन प्राध्यापकांनी एक लेख लिहिला. होंडाची सिटी मोटार, कॅननचे कॅमेरे, फुजी-झेरॉक्सचं कॉपी करायचं यंत्र अशा वस्तू कशा घडल्या याचा त्यांनी अभ्यास केला होता. जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी, एकाने धावून दुसऱ्याच्या हाती काठी द्यायची. नवी पद्धत रग्बीसारखी, सगळा संघ एकत्र चेंडू पुढे नेतो. ‘स्क्रम’ हा रग्बीतला शब्द तिथून आला. जेफ सदरलंडने 1993 मध्ये एका अमेरिकन कंपनीत त्या नावाने काम सुरू केलं आणि 1995 मध्ये केन श्वेबरबरोबर ते एका परिषदेत मांडलं.

पण आमचं मन रमतं ते क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकात. पगारपत्रक हा विषय कंटाळवाणा वाटेल, पण निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना विचारा. कंपनीला कर्मचाऱ्यांच्या पगाराची नवी प्रणाली हवी होती आणि काम रखडलं होतं. 1996 मध्ये केंट बेकला बोलावलं गेलं. त्याच्याबरोबर रॉन जेफ्रीज होता. तिथे जी रीत घडली ती ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’. तिच्यात निर्णयांची सरळ वाटणी होती. काय हवं आणि आधी काय हवं, हे ग्राहकाने ठरवायचं. किती वेळ लागेल, हे फक्त काम करणाऱ्याने सांगायचं. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. आठवड्याला 40 तासच काम, हाही तिथला नियम.

अंदाज ते ‘आदर्श दिवसां’त सांगत. म्हणजे कुणी मध्ये हाक मारली नाही, बैठक नाही, फोन नाही, तर हे काम किती दिवसांचं. प्रत्यक्षात एका आदर्श दिवसाला सुमारे तीन दिवस लागत. आता ग्राहक म्हणायला लागला, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस, हे काय गौडबंगाल? रोज कोण समजावणार? म्हणून त्यांनी ‘दिवस’ हा शब्दच टाकला आणि ‘पॉइंट’ म्हणायला सुरुवात केली. आज जगभर ज्या स्टोरी पॉइंटवरून टीमांमध्ये भांडणं होतात, त्यांचा उगम हा असा आहे. ऐकणाऱ्याने अंदाजाची तारीख करू नये म्हणून घातलेलं ते कुंपण होतं. पुढे मॅनेजर मंडळींनी पॉइंटचे तास केले, दोन टीमांच्या पॉइंटची तुलना सुरू केली. जेफ्रीजने नंतर लिहिलं, की पॉइंट बहुधा आपणच शोधले, आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं.

त्यांचा आणखी एक नियम होता, ‘कालचं हवामान’. मागच्या खेपेला जेवढं काम झालं तेवढंच पुढच्या खेपेला धरा. आम्हाला न्यायदर्शन आठवलं. वात्स्यायनाच्या भाष्यात ढग पाहून होणाऱ्या पावसाचं अनुमान वेगळं आणि नदीचा पूर पाहून झालेल्या पावसाचं अनुमान वेगळं. क्रायस्लरच्या मंडळींनी ढगांकडे बघणं कमी केलं आणि नदीकडे बघायला लागले, इतकंच.

ती प्रणाली 1997 मध्ये सुरू झाली, सुमारे 10,000 लोकांचे पगार त्यातून निघाले. पण सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत ती पोचली नाही. 1998 मध्ये कंपनी डेमलरमध्ये विलीन झाली आणि 2000 साली प्रकल्प बंद केला गेला. भक्त मंडळी हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. फेब्रुवारी 2001, युटा राज्यातलं स्नोबर्ड, बर्फातल्या डोंगरावरचं हॉटेल, 17 जण, सगळे पुरुष. चार मूल्यांचा जाहीरनामा निघाला. या पद्धतींना तोवर ‘हलक्या’ म्हणत, आणि आपल्याला हलकं म्हणवून घेणं त्यांतल्या काहींना रुचेना. म्हणून ‘ॲजाईल’. त्यावर मार्टिन फाउलर या इंग्रजाची एकच शंका होती, की अमेरिकनांना हा शब्द उच्चारता येईल का!

2002 मध्ये जेम्स ग्रेनिंगने ‘प्लॅनिंग पोकर’ मांडलं, ते आम्हाला जाहीरनाम्यापेक्षा मोलाचं वाटतं. अडचण साधी होती. अंदाजाच्या बैठकीत दोन अनुभवी माणसं बोलत राहतात, बाकीचे माना डोलावतात. उपाय असा, की प्रत्येकाने आपला आकडा पत्त्यावर पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. ज्याचा सगळ्यात मोठा आणि ज्याचा सगळ्यात लहान, त्यांनी आधी बोलायचं. म्हणजे कालच रुजू झालेल्या मुलीने 13 टाकले आणि ज्येष्ठाने 3, तर त्या मुलीला काय दिसलं हे ऐकावंच लागतं. रँड संस्थेत 1950 च्या दशकात अशाच हेतूने डेल्फी पद्धत निघाली होती, तिथे तज्ज्ञांची नावं एकमेकांपासून लपवत. पत्त्यांवरचे 1, 2, 3, 5, 8, 13 हे आकडे फिबोनाचीचे म्हणून सांगतात. लघु-गुरू मोजताना हेमचंद्राने ते बाराव्या शतकातच दिले होते, पण असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता पुन्हा शब्दाकडे. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका 2010 मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी तिच्यात एक बदल झाला. स्प्रिंटच्या कामाबद्दल टीम ‘बांधिलकी’ देते असं आधी म्हणत. 2011 मध्ये तिथे ‘अंदाज’ हा शब्द आला. पुष्कळांना हा किरकोळ फेरफार वाटला. ऑस्टिन असता तर त्याने कोट सावरून टाळ्या वाजवल्या असत्या. ज्या वाक्यासाठी लोक शनिवार-रविवार घालवत होते, ते अपराधाच्या रकान्यातून चुकीच्या रकान्यात आलं. 2020 च्या आवृत्तीत बांधिलकी हा शब्द नव्या जागी आला, पण तो ध्येयाशी आणि कामाच्या दर्जाशी जोडून, आकड्याशी नव्हे.

म्हणजे आकड्यापुरता कागदावर तंटा मिटला. ऑफिसात मिटला का? आमचा विद्यार्थी सांगतो त्यावरून तरी नाही. आणि आम्ही पूर्ण टीमच्या बाजूने आहोत असंही समजू नका. क्लायंटलाही कुणाला तरी शब्द द्यायचा असतो. त्याच्या दुकानाची दिवाळी आपल्या स्प्रिंटसाठी थांबत नाही. आमच्या मार्गदर्शकांनी विचारलं होतं, प्रबंध कधी देणार? आम्ही म्हणालो, दोन वर्षं. लागली सहा. ते दर वर्षी विद्यापीठाला आमच्या वतीने उत्तर देत होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात विद्यार्थ्याचा फोन आला. या वेळी त्याने एका आकड्याऐवजी दोन लिहिले, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, आणि खाली मागच्या तीन स्प्रिंटमध्ये प्रत्यक्षात किती काम झालं ते. साहेबांनी नेहमीप्रमाणे त्यातला लहान उचलला. पण कागदाची प्रत क्लायंटकडेही गेली होती. तिकडच्या बाईंनी स्वतः फोन करून विचारलं, "यातलं आधी काय हवंय, हे मला कुणी विचारलंच नाही. सांगू का?" तासभर बसून त्यांनी यादीतल्या चार गोष्टी स्वतःच्या हाताने खोडल्या.