मराठी अक्षरे आणि ऑपरेटिंग सिस्टीम

महाराष्ट्रात ऑपरेटिंग सिस्टीमची निवड बरीचशी मराठी अक्षरांनीच ठरवली. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. पुढे विंडोजवर श्रीलिपी, आयएसएम ही मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअरे आली. पण त्यांचा फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की ‘सातबारा’च्या जागी भलत्याच चिन्हांची खिचडी दिसे. साहजिकच जुन्या फायलींसाठी विंडोज सोडवेना. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फाँट मिळाला. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमानेही विंडोजच शिकवले. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याहून सरकारी नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यालाही हेच प्रमाणपत्र उपयोगी. सी-डॅकची बॉस लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम २००७ मध्ये आली, फुकट आणि मराठीसह. तोवर हात विंडोजला सरावले होते.